‘सगळीच वाद्यं वाजवतो, धड एकही नाही’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र तीन पानांचं होतं, पण खरी काळजी एका ओळीत होती. तीच मी वर मथळ्यात घेतली आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. धायरीच्या या ताईंचा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठवीत ढोल-ताशा पथकात गेला, तिथून ढोलकी, मग हलगी, संबळ, दिमडी, तुणतुणं. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी कॉलेजच्या संघात वाजवलं आणि तेव्हापासून त्याला साथीसाठी फोन येऊ लागले. आता त्याला पूर्णवेळ हेच करायचं आहे. त्याचे बाबा विचारतात, ‘तमाशात ढोलक्या होणार का?’ आणि चिरंजीवांनी साठ हजारांचा ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) हप्त्यावर मागितला आहे.

गेल्या पावसाळ्यात कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात लोकगीतांच्या एका कार्यक्रमाला मी विंगेत बसले होते. (निवेदन भाचीचं, माझ्याकडे तिचा थर्मास.) बाहेर धो धो पाऊस. दुसऱ्याच लावणीत ढोलकीची चाट (उंच सुराची बाजू) उतरली. दमट हवेत चामडं सैल पडतं, त्याला कोण काय करणार? ढोलकीवाल्याने पाना काढला आणि नट आवळायला सुरुवात केली. गाणं चालूच. त्याच्या शेजारी एक पोरगा तुणतुणं छेडत बसला होता. त्याने तुणतुणं खाली ठेवलं, पायाशी पडलेली हलगी उचलली आणि तोच ठेका निम्म्या आवाजात धरला. गायिकेने मागे वळूनही पाहिलं नाही. एक अंतरा तसाच गेला. ढोलकी सुरात आली तसा हा हलगीवरून अलगद उतरला, मंजिरी हातात घेतली आणि ध्रुवपदाला झीलही धरली, म्हणजे गायिकेमागून ओळ उचलून गायली. टाळ्या अर्थातच लावणीला पडल्या. पण कार्यक्रमानंतर संयोजक डायरी घेऊन सगळ्यांत आधी त्या पोराकडे गेला.

ताई, तुमचा मुलगा जे काम करू पाहतोय ते हे आहे. वाद्यवृंदातले लोक या जागेला ‘साइड रिदम’ म्हणतात. नाव दुय्यम वाटतं, पण पथक बाहेरगावी न्यायचं ठरलं की गाडीतल्या जागा मोजक्या असतात. पाच वाद्यांसाठी पाच माणसं नेणं कुणालाच परवडत नाही. चार वाद्यं सांभाळून वर कोरसही गाणारा एक माणूस मिळाला, तर त्याचं तिकीट पहिलं निघतं. एकल वादकाला ‘धड एकही नाही’ हे मारक. साथीदाराला तितकं नाही.

तितकं नाही म्हणाले, अजिबात नाही असं नव्हे. एक वाद्य त्याचं हुकमाचं हवंच, आणि तुमच्या पत्रावरून ते ढोलकीच दिसतं. त्यासाठी एक परीक्षा सुचवते. त्याला सांगा, धुमाळीचा साधा ठेका धर आणि दहा मिनिटं वाजव. तोडा नाही, लग्गी नाही, हात दाखवणं नाही. लय तसूभरही चढता कामा नये. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक गतीने टकटक करणारं ॲप) लावून तुम्हीच बसा समोर. पथकातून आलेल्या मुलांची लय बहुधा तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला चढते, कारण पथकात चढण्यालाच दाद मिळते. साथीत गाणाऱ्याच्या मागे राहायचं असतं. हे अंगी यायला गुरूसमोर बसून निदान तीन वर्षं रोजचा रियाज लागतो. यूट्यूबवरून तोडे उचलता येतात, मागे राहणं उचलता येत नाही.

दुसरं म्हणजे गाणं. लोकसंगीतात नुसती बोटं चालत नाहीत. पोवाड्यात शाहिराच्या मागे ‘जी जी’ करणारे झीलकरी, गोंधळात तुणतुणं वाजवता वाजवता कथेला हुंकार देणारा साथीदार, तमाशातले मागे सूर धरणारे सुरत्ये, हे सगळे वाजवतात आणि गातात. तुमच्या पत्रात वाद्यांची यादी आहे, गळ्याबद्दल एक शब्द नाही. हार्मोनियमवर पट्ट्या (गाण्याचा आधारस्वर) ओळखणं आणि काळी एक ते काळी चार कुठल्याही पट्टीत झील धरणं, एवढं त्याने वर्षभरात करावं.

शिकायला लांब जायला नको. पुण्याभोवतीच खजिना आहे. पखवाजासाठी आळंदी. तिथे विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली सुरू केलेली वारकरी शिक्षण संस्था आहे आणि गावात भजनी ठेका ऐकू येणार नाही असं घर शोधावं लागेल. दिमडीसाठी जेजुरी. सोमवती अमावास्येला पाहुणा म्हणून फोटो काढायला जाऊ नये. एरवीच्या साध्या दिवशी जाऊन एखाद्या वाघ्याशेजारी तासभर बसावं. संबळ गोंधळ्यांकडून, चौंडकं जोगत्यांकडून, हलगी ज्या वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाजवली त्यांच्याकडून. इथे माझं एक ठाम मत आहे. ज्यांना या वाद्यांमुळे कधी वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्याकडून हात फुकट शिकून यायचं आणि नाट्यगृहात ‘लोककलावंत’ म्हणून मिरवायचं, हे बरं नव्हे. गुरुदक्षिणा रोख द्यावी, आणि कुठला ठेका कुणाकडून घेतला ते मंचावर सांगावं.

आता बाबांचा प्रश्न. त्यांना एकदा गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला घेऊन जा. तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात आणि गावोगावचे कारभारी यात्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. तारीख, रक्कम, विसार, सगळं समोरासमोर ठरतं. ज्याला ते हिणवून ‘ढोलक्या’ म्हणतात, त्याच्या नावावर फडाची सुपारी वाढते किंवा पडते. तुमचा मुलगा फडावर जाईलच असं नाही. त्याचा हात फडावर टिकेल इतका तयार झाला, तर बाबांनी पेढे वाटावेत.

पैशाचं मात्र गोड बोलणार नाही. साथीदाराला ‘नाइट’ मिळते, म्हणजे कार्यक्रमागणिक पैसे. समजा दोन हजारांची नाइट ठरली. त्यासाठी दोन तालमी झाल्या, त्यांचे पैसे बहुतेक वेळा नाहीत. वाद्यं घेऊन बसने जाता येत नाही, म्हणून रिक्षा. शेवटी हातात दीड हजार आणि गेलेले तीन दिवस. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, शिवजयंती, चैत्रातल्या यात्रा या दिवसांत एका तारखेला तीन फोन येतात; पितृपंधरवड्यात आणि ऐन पावसाळ्यात फोन बंद पडलाय का असं वाटतं. म्हणून वर्षाचा हिशेब बाराने भागायची सवय लावायची. शिवाय शाळांतले वर्ग, नृत्यसंस्थांच्या तालमी, नाटकांचं पार्श्वसंगीत, स्टुडिओतली कामं, यांतलं एखादं बारमाही काम हवं. नुसत्या नाइटींवर पुण्यात घरभाडं देणारे साथीदार आहेत, पण त्यांनी आधी दहा-बारा वर्षं काढलेली आहेत.

त्यामुळे बी.कॉम. सोडू नका, हे ओघानेच आलं. ‘पाठीशी काहीतरी असावं’ एवढ्यासाठी नाही. कलाकारांत हिशेब कळणारा माणूस दुर्मीळ असतो. संस्थांकडून पैसे येताना टीडीएस कापला जातो आणि रिटर्न न भरल्यामुळे कितीतरी वादक ती रक्कम परत मागतच नाहीत. हा मुलगा ते करू शकेल, इतरांनाही करून देईल.

पदवीनंतरच्या वाटा सांगते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून गुरुकुल पद्धतीने संगीत, नृत्य, नाट्य शिकवतं. लोककलेचाच अभ्यास करायचा असेल तर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातल्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. त्यात लोककलाही येते. त्याचं वय आत्ता बसतंय, तेव्हा जाहिरातीवर लक्ष ठेवा. आकाशवाणीची स्वरचाचणी द्यावी. तिथल्या श्रेणीला आजही वजन आहे. उदयपूर आणि नागपूरच्या सांस्कृतिक केंद्रांच्या महोत्सवांत महाराष्ट्रातली पथकं जातात, तेव्हा पथकप्रमुखांशी ओळखी ठेवाव्यात. अर्ज साथीदाराच्या नावाने क्वचितच जातो, पथकाच्या नावाने जातो.

एक गोष्ट त्याला आजपासून करायला सांगा. फोनवर काम ठरलं की लगेच व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवायच्या: तारीख, पोचायची वेळ, नाइट किती, तालीम किती, प्रवासखर्च कुणाचा, चित्रीकरण होणार का. भांडण करायला नाही, दोघांच्या लक्षात राहावं म्हणून. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्यालाही व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा हक्क मिळाला आहे. प्रत्यक्षात साथीदाराच्या हातात एकरकमी पाकीटच पडतं, हे मला माहीत आहे. पण निदान व्हिडिओखाली नाव आणि वाजवलेली वाद्यं लिहून यावीत, एवढं तरी मागता येतं. पुढचं काम बऱ्याचदा त्या एका ओळीवरून येतं.

राहिला ऑक्टोपॅड. आत्ता नको. वाईट म्हणून नाही; ऑर्केस्ट्रात तो लागतोच आणि कधीतरी घ्यावा लागेल. पण लागेल त्या दिवशी भाड्याने मिळतो. हप्त्यावर घेतला की हप्ता फेडण्यासाठी मिळेल ती सुपारी घ्यावी लागते, आणि ढोलकीच्या रियाजाचे तास त्यातच जातात. त्यापेक्षा वेगवेगळ्या पट्टीच्या दोन चांगल्या शिसवी ढोलक्या घ्या, म्हणजे ऐनवेळी पट्टी बदलली तर पाना शोधावा लागणार नाही. सोबत प्रवासाला टिकतील अशा पेट्या. खरेदीला बाबांना बरोबर पाठवा. दुकानात तो दोन्ही पुड्या वाजवून बघताना त्यांनी शेजारी उभं राहावं, घासाघीस त्यांनीच करावी. आणि बिल मुलाच्या नावाचं घ्या, रिटर्न भरताना लागेल.