वाचकांचे प्रश्न : आरसा, टायर आणि रे हॅरून

गाडीचा मागचा आरसा रे हॅरून या अमेरिकन रेसरने शोधला, हे खरं का? माझ्या मोटारसायकलच्या आरशात तर थरथरीपायी काहीच दिसत नाही. (भुसावळ)

शोधला म्हणणं जरा जास्त होतं. 30 मे 1911 ला इंडियानापोलिसची पहिली 500 मैलांची शर्यत झाली. त्या काळी रेसरशेजारी मेकॅनिक बसायचा; मागून कोण येतंय ते तोच सांगायचा. हॅरूनची मारमन कंपनीची पिवळी ‘वास्प’ गाडी मात्र एका सीटची. मागचं बघणार कोण, म्हणून इतरांनी हरकत घेतली, तेव्हा त्याने समोर सुमारे 8 इंच लांब, 3 इंच रुंद आरसा बसवला. तशी युक्ती त्याने 1904 मध्ये शिकागोत एका घोडागाडीवर पाहिली होती.

गंमत म्हणजे तुमचंच दुखणं त्यालाही होतं. ट्रॅकवर 32 लाख विटांची फरसबंदी, त्यामुळे आरसा इतका हादरायचा की फारसं दिसत नव्हतं, असं त्यानेच पुढे सांगितलं.

तुम्ही आधी आरशाचा दांडा हाताने हलवून पाहा. मुळाशी खुळखुळत असेल तर तिथला चेकनट (दांडा जागी धरून ठेवणारा नट) घट्ट करा. काही गाड्यांच्या उजव्या आरशाला उलटे आटे असतात, उगाच जोर लावू नका. नट घट्ट असूनही ठरावीक वेगालाच थरथर होत असेल, तर दांडा इंजिनाच्या ठोक्याशी जुळून डोलतोय. आखूड दांडा बसवला की बहुतेक वेळा भागतं.

रावेरहून केळी दिल्लीला नेतो. मे महिन्यात टायर फुटतात. शंभर वर्षांपूर्वीच्या टायरवर ही माणसं 500 मैल कशी पळाली?

टायर बदलत बदलत! तेव्हा टायरच्या आत सुती कापडाचे थर असत. उभे-आडवे धागे एकमेकांवर घासून तापत आणि टायर फाटे. हॅरून मुळात इंजिनिअर. ताशी 75 मैलांवर टायर तग धरतात, 80 वर गेलं की आयुष्य निम्म्यावर येतं, हा त्याचा हिशोब. वेग वाढला जेमतेम 7 टक्के, पण वळणावर टायरवरचा ताण वेगाच्या वर्गाने, म्हणजे 14 टक्के वाढतो, वर उष्णता. म्हणून इतरांना पुढे जाऊ दिलं, आपण 75 धरून बसला. मधल्या तीसेक फेऱ्या सायरस पॅश्केने चालवल्या. 6 तास 42 मिनिटे 8 सेकंदांत, सरासरी 74.6 मैलांनी (120 किमी) गाडी पहिली आली. दुसऱ्या आलेल्या राल्फ मलफर्डचा वेळ टायर बदलण्यात जास्त गेला. फेऱ्यांच्या मोजणीत घोळ झाला, खरा विजेता मलफर्डच, असं म्हणणारे आजही आहेत.

तुमच्या टायरचा शत्रूही उष्णताच. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि आतून तापते. हवा पहाटे, गाडी निघण्याआधी, गार टायरवर मोजा. दुपारी वाटेत ढाब्यावर थांबून वाढलेली हवा सोडतात, ती चूक. टायर गार झाल्यावर तीच हवा कमी पडते. जोडचाकांत आतल्या टायरची हवाही मोजा; तो बसला तर सगळा भार बाहेरच्यावर येतो, आणि फुटतो तो बाहेरचा.

हॅरूनने पुढे काय केलं? (अमळनेर)

1910 च्या अखेरीस तो निवृत्तच झाला होता, 1911 ला फक्त त्या एका शर्यतीसाठी परतला. जिंकल्यावर पुन्हा रेसमध्ये उतरला नाही. मग मॅक्सवेल कंपनीसाठी रॉकेलवर चालणाऱ्या रेसगाड्या तयार केल्या. 1917 मध्ये मिशिगनमधल्या वेन गावी स्वतःच्या नावाच्या मोटारी काढल्या. तो कारखाना 1922 पर्यंत टिकला. 1968 मध्ये, 89 व्या वर्षी वारला. ‘वास्प’ इंडियानापोलिसच्या संग्रहालयात आहे, आरशासकट.