खाडीपलीकडचं गाव दिसतं, पोचायला मात्र अर्धा दिवस

गेल्या अंकात जपानच्या इवाते प्रांताबद्दल, तिथल्या सानरिकू किनाऱ्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि व्हॉट्सॲप यांची रांगच लागली. कोकणी माणसासमोर खाडी आणि गाडी हे दोन विषय एकदम काढू नयेत हे आता कळलं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पाच जणांचे प्रश्न घेतोय.

मुलगा इवातेच्या किनाऱ्यावरच्या मियाकोला मासळीच्या कारखान्यात लागलाय. म्हणाला टोकियोहून मोरिओकापर्यंत बुलेट ट्रेनने सव्वादोन तासांत पोचलो आणि पुढचे शंभर किलोमीटर बसने. म्हणजे जपानात पण शेवटी एसटीच? का पोरगा पैसे वाचवतोय नि आम्हाला सांगत नाहीये?
— एक आई, गुहागर

काकू, पोरगा खरं सांगतोय आणि डोकं लावूनच बसने गेलाय. इवाते म्हणजे १५,२७५ चौरस किलोमीटर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जोडले तरी साडेतेरा हजाराच्या आतच राहतात, आणि माणसं मात्र साधारण १२ लाख, आपल्या एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत १६ लाख होती. त्यातली बरीचशी वस्ती आत, किताकामी नदीच्या खोऱ्यात. बुलेट ट्रेन १९८२ मध्ये मोरिओकाला आली ती त्याच खोऱ्यातून, एक्स्प्रेसवे पण तिथूनच. खोरं आणि समुद्र यांच्या मधे किताकामीचे डोंगर. आपल्यासारखी सह्याद्रीची भिंत नाही, की कुंभार्ली उतरलो आणि आलं चिपळूण. तिथे नुसते डोंगरामागून डोंगर, संपतच नाहीत.

रेल्वे आहे बरं का. यामादा लाइन १९३४ मध्ये मोरिओकाहून मियाकोला पोचली. पण गाड्या दिवसाला बोटांवर मोजाव्या एवढ्या आणि वेळ दोन तासांहून जास्त, शिवाय डिसेंबर २०१५ मध्ये दरड आली, गाडी रुळावरून घसरली, आणि मधला पट्टा नोव्हेंबर २०१७ पर्यंत बंद होता. बाजूनेच १०६ नंबरचा हायवे जातो, रेल्वेसारखाच हेइ नदीच्या काठाने. २०२१ पर्यंत तो बोगदे-पूल बांधून सरळ केला आणि बस आता पावणेदोन तासांच्या आसपास पोचते. रेल्वे जुन्या वळणांवरच राहिली. तरी एक सांगतो, त्या प्रांताच्या किनाऱ्यावर डोंगर ओलांडून आडव्या येणाऱ्या रेल्वे आहेत, मियाकोला एक, कामाइशीला एक. आपल्याकडे बोर घाट सोडला की खाली थेट गोव्याच्या ब्रागांझा घाटापर्यंत एकही नाही. चिपळूण-कराड आणि वैभववाडी-कोल्हापूर ही नावं ऐकत आमच्या पिढीचे केस पांढरे झाले.

३२ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. ऐकलं की तिथे बसमध्येच काय, ट्रेनमध्येसुद्धा ड्रायव्हर एकटा असतो. मग तिकीट कोण फाडतो? लोक फुकट नाही जात?
— चिपळूण

काका, तिकीट कोणीच फाडत नाही. गावाकडच्या बसला आणि एक डब्याच्या डिझेल गाडीला मागच्या दाराने चढायचं, दाराशी मशीन असतं, त्यातून एक चिटोरी घ्यायची, तिच्यावर नुसता आकडा, तुम्ही कुठल्या स्टॉपला चढलात तो. पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर बोर्ड, त्यावर प्रत्येक आकड्याखाली भाडं, आणि गाडी पुढे सरकेल तसं ते वाढत जातं. उतरताना पुढच्या दाराने यायचं, आपल्या आकड्याखालची रक्कम बघायची, चिटोरी आणि सुट्टे पैसे डब्यात टाकायचे. सुट्टे नसतील तर मोड करून देणारं मशीन त्याच डब्याला असतं, म्हणजे तुमच्या नोकरीतला अर्धा वाद तिथेच मिटला. या पद्धतीला ते 'वानमान' म्हणतात, इंग्रजी 'वन मॅन'चं जपानी. चिटोरी नसेल तर गाडी जिथून निघाली तिथून भाडं धरतात, त्यामुळे ती हरवायची नाही.

भूगोलाच्या तासाला रिया किनारा शिकवला, उदाहरण सानरिकूचं. मग आमचो मालवणचो किनारो पण रियाच काय ओ?
— अकरावीतली मुलगी, मालवण

हो आणि नाही, आणि 'नाही'मध्येच गंमत आहे. रिया म्हणजे बुडालेलं नदीचं खोरं. हिमयुग संपलं, समुद्र वर आला, नद्यांच्या दऱ्यांत शिरला. शब्द स्पेनच्या गॅलिसियातला. बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, या खाड्या तशाच बनल्या. पण आपल्या नद्या पावसाळ्यात सह्याद्रीची अख्खी माती घेऊन येतात, खाडी भरत जाते, कडेला कांदळवन वाढतं, आणि ओहोटीला लाँच गाळात बसते. (दाभोळ-धोपावे फेरीची वाट बघत मी एकदा दोन तास काढलेत, समोर धोपाव्याची माणसं दिसत होती, आणि गाडी घेऊन जायचं तर चिपळूणला वळसा.) सानरिकूच्या आखातांत मोठ्या नद्या फारशा नाहीत, भरती-ओहोटीचा फरक आपल्यापेक्षा कमी, त्यामुळे पाणी अजून खोल आणि स्वच्छ. म्हणून तिथे कालवं, स्कॅलॉप आणि वाकामे नावाचं समुद्री शेवाळ दोरांवर टांगून वाढवतात.

आणखी एक, पुस्तकात बहुधा नसेल. रिया आहे तो मियाकोच्या दक्षिणेला. उत्तरेला किनारा वर उचललेला, सपाट माथा आणि एकदम तुटलेला कडा, कितायामाझाकीला तो २०० मीटर उंच. आपला जांभ्याचा सडा आठव, वर सपाट, खाली सरळ समुद्र. दगड वेगळा, उंची वेगळी, पण उभं राहिल्यावर पोटात तसंच होतं.

आणि आखात आत निमुळतं होत जातं म्हणून त्सुनामीचं पाणी तिथे चढतं, पसरायला जागाच नसते. २०११ मध्ये मियाकोतल्या आनेयोशी वाडीत पाणी डोंगरावर ४० मीटरपर्यंत चढलं. तिथे जुना दगड उभा आहे, १९३३ च्या त्सुनामीनंतर बसवलेला, त्यावर लिहिलंय की याच्या खाली घर बांधू नका. वाडीने ऐकलं होतं, घरं वाचली.

त्यांची गाडी गावागावातून समुद्राला धरून जाते आणि आमची कोकण रेल्वे राजापूर स्टेशनच्या नावाखाली आम्हाला शहरापासून लांब उतरवते. असं का? आणि त्सुनामीनंतर ती लाइन तोट्यातली असून परत कशी बांधली?
— राजापूर

तुमचा राग समजतो, पण दोन्ही लायनींचा जन्मच वेगळा. आपली मुंबई ते मंगळूर जोडायला काढली, खाड्या टाळत आत डोंगरातून गेली, १९९८ मध्ये पूर्ण झाली, ती मुळात पुढे जाणारी गाडी आहे. सानरिकूची तुकड्यातुकड्यांनी झाली, मासळीची बंदरं एकेक जोडत. १९८० च्या दशकात जपानची सरकारी रेल्वे तोट्यातल्या लायनी सोडायला लागली तेव्हा प्रांत, किनाऱ्यावरची गावं आणि काही खाजगी भागीदार यांनी मिळून कंपनी काढली, आणि १ एप्रिल १९८४ ला सानरिकू रेल्वे सुरू झाली. सोडलेल्या सरकारी लायनी घेऊन अशी निघालेली ती देशातली पहिली. आपल्या कोकण रेल्वेत पण राज्यांचा पैसा लागलाय, सुरुवातीला महाराष्ट्राचा २२ टक्के, पण केंद्राचा ५१. तिथे गावाचाच हिस्सा, म्हणून लाइन बंद करू असं म्हणणारा आणि रोज त्या गाडीने शाळेत पोर पाठवणारा एकाच वाडीत राहतो.

११ मार्च २०११ ला रूळ, पूल, शिमानोकोशीसारखी स्टेशनं वाहून गेली. दक्षिणेकडची एक गाडी बोगद्यात थांबलेली म्हणून वाचली. मियाकोत वीज नव्हती तर स्टेशनात उभ्या डिझेल डब्यातच कंपनीचं ऑफिस थाटलं, कारण इंजिन चालू ठेवलं की दिवा आणि ऊब. आणि पाचव्या दिवशी, १६ मार्चला, कुजी ते रिकुचू-नोदा एवढ्याशा तुकड्यावर गाडी सोडली, महिनाअखेरपर्यंत तिकीट नाही. मला वाटतं लाइन तिथेच वाचली, लोकांना गाडी डोळ्यांनी दिसली. पुढे एप्रिल २०१४ मध्ये तिचे स्वतःचे दोन्ही भाग (उत्तरेचा मियाको-कुजी, दक्षिणेचा साकारी-कामाइशी) परत पूर्ण झाले, मधला मियाको-कामाइशी पट्टा २०१९ मध्ये तिच्याकडे आला, आणि साकारी ते कुजी १६३ किलोमीटरची एकच लाइन झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वादळाने परत तोडली, मार्च २०२० ला परत जोडली. सगळीकडे मात्र रूळ आले नाहीत. साकारीच्या दक्षिणेला केसेन्नुमापर्यंत ट्रेनऐवजी बस आली, काही भागात रूळ काढून तिथे डांबर टाकलं आणि त्यावरून फक्त ती बस जाते. साकारी स्टेशनात ट्रेन आणि ती बस अगदी शेजारी लागतात.

जपान रेल्वेचा (जेआरचा) टुरिस्ट पास घेतलाय, सानरिकूला चालेल ना?
— देवगड

सानरिकू रेल्वेत नाही चालणार, ती जेआरची नाहीच. वर सांगितलेली रुळांच्या जागी आलेली बस जेआरची, तिला चालतो. सानरिकूचं तिकीट वेगळं काढा, येन रोख ठेवा. पूर्ण लायनीला साडेचार तासांच्या आसपास लागतात, कधी मधे गाडी बदलावी लागते. थंडीत गेलात तर कोतात्सुची गाडी मिळते का बघा, डब्यात बसकी टेबलं, खाली हिटर, वरून गोधडी, पाय आत घालून बसायचं आणि समुद्र बघायचा. खिडकी दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताची धरा.