वाचकांचे प्रश्न : अनिश्चित कमाईत आरोग्य विमा कसा बसवावा?

प्रश्न : मी नागपुरात नंदनवन भागात राहतो आणि घरगुती वायरिंगची कामे घेतो. माझे वय 42 असून पत्नी 38 वर्षांची आहे व ती घरी शिवणकाम करते. मुले 13 आणि 9 वर्षांची आहेत. वडील 72 वर्षांचे आहेत. आई 63 वर्षांची असून तिला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. आमची शिधापत्रिका केशरी आहे. एका विमा प्रतिनिधीने सहाही जणांसाठी 5 लाखांची एकच फ्लोटर पॉलिसी (सर्वांत मिळून एकच विमा रक्कम) सुचवली, परंतु तिचा हप्ता आम्हाला झेपणारा नाही. आईचा मधुमेह अर्जात लिहिला नाही तर हप्ता कमी बसेल, असेही तो म्हणाला. पावसाळ्यात माझी कामे कमी होतात. आम्ही काय करावे?

उत्तर : आधी प्रतिनिधीच्या शेवटच्या सल्ल्याविषयी, कारण तो ऐकल्यास बाकी सगळे नियोजन वाया जाईल. मधुमेह लपवून घेतलेल्या पॉलिसीवर हप्ते नियमित भरले जातात, कागद घरात असतो, आणि आई रुग्णालयात दाखल झाल्यावर जुनी औषधचिठ्ठी पाहून कंपनी दावा नाकारते. प्रसंगी पॉलिसीच रद्द करते. अर्जावर सही आपली असते, प्रतिनिधीची नसते. मधुमेह नोंदवल्यास हप्ता थोडा वाढू शकेल आणि त्या आजारासाठी प्रतीक्षा काळ लागेल, म्हणजे तेवढे दिवस त्याचे दावे मिळणार नाहीत, पण विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, 2024 मध्ये हा काळ चार वर्षांवरून कमाल 36 महिन्यांवर आणला आहे. तीन वर्षे थांबून मिळणारे खरे संरक्षण आपल्या आईच्या उपयोगाचे आहे. म्हणून अर्ज स्वतः वाचून भरा, सुरू असलेली प्रत्येक गोळी लिहा आणि भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवा.

आता खर्चाकडे वळू. खासगी विम्याचा विचार करण्यापूर्वी जे हक्काने मिळते ते पदरात पाडून घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण पूर्वी कुटुंबामागे दीड लाख रुपये होते. 1 जुलै 2024 पासून ते वर्षाला 5 लाख रुपये झाले असून केशरीच नव्हे, तर पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबेही आता त्यात येतात. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांसह काही खासगी रुग्णालयेही योजनेत आहेत. तेथे ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. त्याला शिधापत्रिका आणि आधार दाखवावे, किंवा 155388 या क्रमांकावर विचारावे. आपल्या वडिलांसाठी आणखी एक सोय आहे. सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, कुटुंबाचे उत्पन्न कितीही असले तरी, 29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. त्यांचे कार्ड आधारच्या आधारे तयार होते, आणि ते आजारपणाची वाट न पाहता याच महिन्यात काढून घ्यावे.

या योजनांची मर्यादाही लक्षात असू द्या. यादीतील उपचार, योजनेतील रुग्णालय आणि दाखल होण्याची गरज या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच लाभ मिळतो. मध्यरात्री छातीत दुखू लागले आणि जवळचे रुग्णालय योजनेत नसले, तर बिल आपल्यालाच भरावे लागेल. धंतोली-रामदासपेठेत खासगी रुग्णालये दाटीने आहेत, पण त्यांतील कोणती योजनेत आहेत हे आजच पाहून घरातील सर्वांना सांगून ठेवणे उत्तम. खासगी पॉलिसी ही उणीव भरून काढण्यासाठी घ्यायची, आणि त्या हेतूने पाहिले की तिचा आकारही आटोक्यात येतो.

सहा जणांची एकच फ्लोटर मात्र घेऊ नका. बहुतेक कंपन्या फ्लोटरचा हप्ता सर्वांत वयस्क सदस्याच्या वयावर ठरवतात, म्हणजे 72 वर्षांच्या वडिलांमुळे आपल्या 9 वर्षांच्या मुलाचाही विमा महाग होतो. शिवाय एकाच आजारपणात सगळी रक्कम संपली तर उरलेले वर्षभर इतरांना काहीच शिल्लक राहत नाही. आपण दोघे आणि मुले अशी चौघांची फ्लोटर वेगळी घ्या. आईसाठी ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी विचारात घ्यावी. तिच्या मूळ अटी सर्व कंपन्यांत सारख्या असल्याने केवळ हप्ता आणि दावे देण्यातील तत्परता यांची तुलना करता येते. तिच्यात प्रत्येक दाव्याचे 5 टक्के आपण भरायचे असतात आणि खोलीभाडे विमा रकमेच्या 2 टक्के, पण दिवसाला कमाल 5,000 रुपये एवढेच मिळते.

खोलीभाड्याच्या या अटीकडे फार थोडे लोक लक्ष देतात आणि पुढे पस्तावतात. समजा, पॉलिसीत खोलीसाठी दिवसाला 5,000 रुपये मंजूर आहेत आणि आपण 8,000 रुपयांची खोली घेतली. आपल्याला वाटते, रोजचे 3,000 रुपये खिशातून गेले की झाले. प्रत्यक्षात डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा अशा खोलीशी निगडित खर्चांनाही पाचास आठ हेच प्रमाण लावले जाते. ते खर्च 1,60,000 रुपये असतील तर कंपनी 1,00,000 रुपयेच देते. औषधे, शरीरात बसवायची उपकरणे आणि तपासण्या यांना ही कात्री लागू होत नाही, तरी उरलेला फटका मोठा असतो. चौघांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा नसेल तर दोन पैसे जास्त द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाच लाख अपुरे वाटत असतील तर मूळ पॉलिसी वाढवण्याऐवजी 5 लाखांच्या वजावटीची, म्हणजे 5 लाखांच्या वरचाच खर्च देणारी, सुपर टॉप-अप पॉलिसी जोडावी. ती बरीच स्वस्त पडते. मात्र नुसती ‘टॉप-अप’ घेऊ नका. एका वर्षात प्रत्येकी 4 लाखांची दोन आजारपणे आली, तर साध्या टॉप-अपमधून काहीच मिळणार नाही, कारण एकही बिल स्वतंत्रपणे 5 लाखांच्या वर गेलेले नाही. सुपर टॉप-अप वर्षभराची बिले एकत्र मोजते. म्हणून 8 लाखांपैकी 5 लाख मूळ पॉलिसी आणि उरलेले 3 लाख सुपर टॉप-अप देईल.

वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरील 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून रद्द झाला आहे, त्यामुळे जुन्या कोटेशनवर विसंबू नका. पावसाळ्याची अडचण असेल तर मासिक किंवा तिमाही हप्ता मागता येतो. तारीख चुकली तर हप्ता भरायला मासिक प्रकारात 15 दिवसांची सवलत मुदत असते, इतर प्रकारांत 30 दिवसांची. ती ओलांडली तर प्रतीक्षा काळाची जमा झालेली वर्षे हातची जातात. म्हणून उन्हाळ्यात पंखे-कूलरची कामे जोरात असतात तेव्हाच हप्त्याची रक्कम बाजूला काढून ठेवावी.

प्रश्न : मी धरमपेठेत राहते. नोकरी सोडून पुढच्या महिन्यापासून स्वतंत्रपणे ग्राफिक डिझाइनची कामे करणार आहे. कंपनीचा गट विमा सुटेल. पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल का? करात सवलत मिळेल का?

उत्तर : राजीनाम्याची मुदत संपण्यापूर्वीच त्या विमा कंपनीला पत्र लिहून त्यांच्याच वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची मागणी करा, गट विम्यात काढलेल्या काळाचे श्रेय प्रतीक्षा काळात मिळते. पुढे कंपनी बदलायची असल्यास नूतनीकरणाच्या किमान 45 दिवस आधी अर्ज करावा. कलम 80डी खाली स्वतःच्या कुटुंबासाठी 25,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते, आई-वडील ज्येष्ठ नागरिक असतील तर त्यांच्यासाठी आणखी 50,000 रुपयांपर्यंत. पण केवळ जुन्या करप्रणालीत, आणि हप्ता रोख भरलेला नसेल तरच.

प्रश्न : इतवारीत माझे किराणा दुकान आहे. सात वर्षे खंड न पडता हप्ते भरले. आता पत्नीच्या शस्त्रक्रियेचा दावा ‘रक्तदाब आधीपासून होता व तो सांगितला नव्हता’ या कारणाने नाकारला आहे. दाद कुठे मागावी?

उत्तर : सलग 60 महिने पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती. मध्यंतरी विमा रक्कम वाढवली असेल तर वाढीव भागासाठी मुदत वाढीच्या तारखेपासून मोजतात, एवढे तपासा. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला या नियमाचा उल्लेख करून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 वर तक्रार नोंदवा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जा. नागपूर पुणे कार्यालयाच्या कक्षेत येते, मात्र तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओद्वारेही होऊ शकते. शुल्क नाही, वकिलाची गरज नाही, आणि 50 लाखांपर्यंतचे दावे तेथे ऐकले जातात. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षात अर्ज करायचा असतो, म्हणून नकाराचे पत्र, सातही वर्षांच्या नूतनीकरणाच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड आणि बिले यांची प्रतींसह फाईल याच आठवड्यात तयार करा.