नॅनो फिलर घातलेल्या फायबरची होडी खाऱ्या पाण्यात जास्त टिकते का?

तुमचा प्रश्न असा, की होडी बांधणारा म्हणतोय, "रेझिनमध्ये नॅनो पावडर घातली की खारं पाणी आत शिरतच नाही." त्यासाठी जादा पैसे द्यावेत का? मी कंपोझिटच्या, म्हणजे तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारं रेझिन (प्लास्टिकसारखं घट्ट होणारं द्रव्य) मिळून बनलेल्या साहित्याच्या, चाचण्या करतो, म्हणून आधी सरळ उत्तर देतो. पाणी शिरतंच. चांगल्या नॅनो फिलरमुळे (म्हणजे रेझिनमध्ये मिसळायच्या अतिसूक्ष्म कणांच्या पावडरीमुळे) ते उशिरा शिरतं, आणि फिलर नीट मिसळलं नसेल तर उलट लवकर शिरू शकतं.

पहिली गोष्ट मिठाची. समुद्राच्या किलोभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, पण ते घट्ट जमलेल्या रेझिनमध्ये जवळजवळ जात नाहीत. आत जातात ते पाण्याचे रेणू. क्षारांमुळे पाण्याचा आत जाण्याचा जोर थोडा कमीच होतो, त्यामुळे तोच नमुना गोड्या पाण्यात ठेवला तर सहसा थोडं जास्त पाणी पितो. पॉलिएस्टर रेझिनच्या होडीला जेलकोटखाली, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या रेझिनच्या थराखाली, जे फोड येतात, त्यांचंही तेच. आत शिरलेल्या पाण्यात रेझिनमधले उरलेसुरले विद्राव्य घटक विरघळतात, तिथे दाट द्रावण तयार होतं आणि ते बाहेरचं पाणी आणखी ओढून घेतं. बाहेरचं पाणी गोडं असेल तर ही ओढ जास्त. म्हणून १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीत पावसाचं पाणी साचू देऊ नका. नॅनो असो वा नसो, हे कराच.

आत गेलेलं पाणी दोन प्रकारे नुकसान करतं. एक म्हणजे रेझिन मऊ पडतं आणि कमी तापमानालाच ढिलं होऊ लागतं. होडी नीट वाळली की हे बरंचसं भरून येतं. दुसरं नुकसान खरं घातक. काचतंतूवर सिलेन या रसायनाचा लेप असतो, तो तंतू आणि रेझिन यांना जोडून ठेवतो. पाणी हे जोड हळूहळू तोडतं, आणि सुटलेली पकड वाळवून परत येत नाही. सतत ताण असेल तर ओलावा काचेलाही कमकुवत करतो. काचेऐवजी कार्बन तंतू वापरले तर ते स्वतः पाणी पीत नाहीत, त्यामुळे तंतूंच्या दिशेने ओढून पाहिलं तर ताकद फारशी घटलेली दिसत नाही, पण थर एकमेकांवरून सरकवून पाहिले की घट लगेच कळते. कोणी फक्त ओढण्याच्या ताकदीचे आकडे दाखवत असेल तर त्यावर विसंबू नका.

आता नॅनोचं. नॅनोक्लेचे (अतिसूक्ष्म पापुद्र्यांच्या मातीचे) पापुद्रे जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे, पण त्याच्या शेकडो पट रुंद असतात. ते पत्त्यांसारखे सुटे होऊन रेझिनभर पसरले तर पाण्याला वळसे घेत आत जावं लागतं. ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ, पापुद्र्यांचंही तसंच. कार्बन नॅनोट्यूब मात्र नळ्या आहेत, त्यांचा असा आडोसा होत नाही. त्या भेगेच्या दोन कडा धरून ठेवतात, हा त्यांचा उपयोग. पण मूळची क्ले स्वतःच पाण्याची ओढ असलेली असते, म्हणून तिच्यावर आधी सेंद्रिय प्रक्रिया करावी लागते. ग्राफीन ऑक्साइडलाही पाणी आवडतं. त्यामुळे पाणी शिरण्याचा वेग घटला तरी शेवटी मुरणारं पाणी तेवढंच, कधी जास्तही, असं होऊ शकतं. होडी वर्षानुवर्षं पाण्यात राहणार असेल तर हा शेवटचा आकडाच महत्त्वाचा.

वेगाचा फायदाही मोजून बघा. पाणी मुरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट तर वेळ चौपट. फिलरने पाण्याचा वेग निम्म्यावर आणला तर वेळ दुप्पट होईल, पण तेवढाच उशीर ५ मिलिमीटरचं अंग ७ मिलिमीटर केल्यानेही मिळतो. वजन वाढतं हे खरं, पण लहान होडीला बहुतेक वेळा ते चालून जातं.

माझी खरी काळजी मिसळण्याची आहे. या पावडरी गुठळ्या धरतात. त्या फोडायला जोरदार घुसळणारी यंत्रं, अल्ट्रासोनिक किंवा तीन रोलरची मिल लागते. बादलीत काठीने ढवळून ते होत नाही. शिवाय रेझिन दाट होतं, हवेचे बुडबुडे अडकतात, काचतंतूंची मॅट (चटई) नीट भिजत नाही. गुठळी आणि बुडबुडा दोन्ही पाण्याला साठायला जागा देतात आणि भेगही तिथूनच सुरू होते. ब्रश-रोलरने हाताने थर देणाऱ्या शेडमध्ये म्हणूनच मी हे सुचवणार नाही. सुकी पावडर श्वासातून जाते, हेही कामगारांच्या दृष्टीने बघायला हवं.

ब्रिटिश नौदलाची एचएमएस विल्टन ही काचतंतू-पॉलिएस्टरची पहिली युद्धनौका १९७३ मध्ये सेवेत आली, तेव्हा नॅनोट्यूबचं नावही कोणी घेत नव्हतं. सेवा संपल्यावर ती एसेक्सच्या किनाऱ्यावर एका यॉट क्लबची तरंगती वास्तू झाली. साधं साहित्य नेटकं वापरलं तर इतकं टिकतं.

तुमच्या जागी मी असतो तर जादा पैसे आधी पाण्याला जास्त दाद न देणाऱ्या व्हिनाइल एस्टर रेझिनवर घातले असते, ते नाही परवडलं तर आयसोफ्थॅलिक प्रकारच्या पॉलिएस्टरवर. मग इंजिनच्या बोल्टची भोकं आणि कापलेल्या कडा रेझिनने पक्क्या बंद करून घेतल्या असत्या, कारण तिथे तंतूंची टोकं उघडी असतात आणि पाणी तंतूंच्या कडेने सरळ आत जातं.

तरीही नॅनो रेझिन घ्यायचंच असेल, तर विक्रेत्याकडे एकाच रेझिनचे, फिलरसह आणि फिलरशिवाय, खाऱ्या पाण्यात वजन वाढायचं थांबेपर्यंत ठेवलेल्या नमुन्यांचे आकडे मागा: थरांमधली पकड कोरडी किती, भिजल्यावर किती, आणि वाळवल्यावर किती परत आली. हे तिन्ही आकडे लेखी मिळाले नाहीत तर जादा पैसे देऊ नका.