९३ मार्क, पण कोणाचे?

प्रिय बाळा,

तुझे रात्री उशिराचे मेसेज वाचले, फोटोही झूम करून बघितले. वाईनच्या एकाच बाटलीला, त्या ऑस्ट्रेलियन शिराझ नावाच्या रेड वाईनला, एका समीक्षकाने १०० पैकी ९३ दिलेत, दुसऱ्याने ८७, अ‍ॅपवर लोकांनी पाचपैकी ३.८, आणि तू ऐरोलीच्या दुकानात उभा राहून विचारतोयस की मावशी, यातलं खरं कोणाचं धरू. आधी हे सांगते की तू गोंधळलास ते बरं झालं, ज्याला एकच आकडा दिसतो तो गोंधळत नाही, तो सरळ पैसे देऊन मोकळा होतो.

आकडा कोणाच्या जिभेचा आहे ते आधी बघ. हे वाक्य पुढे इतक्या वेळा येणार आहे की तू कंटाळशील. कंटाळ, पण डोक्यात बसू दे.

हे १०० पैकी मार्क द्यायचं जे खूळ जगभर पसरलं ते मुख्यतः रॉबर्ट पार्करमुळे. अमेरिकेतल्या मेरीलँडचा वकील माणूस, १९७८ मध्ये 'वाईन अ‍ॅडव्होकेट' नावाचं पत्रक सुरू केलं, जाहिराती घ्यायच्या नाहीत, वाचकांच्या वर्गणीवर चालवायचं. फ्रान्समधल्या बोर्डोच्या १९८२ च्या वाईन्स बॅरलमध्ये असतानाच त्याने छातीठोकपणे सांगितलं की हे साल जबरदस्त आहे, बाकीचे काही मोठे लोक कुरकुरत होते, आणि पुढे त्याचंच म्हणणं टिकलं. त्या माणसाबद्दल मला आदर आहे, त्याने विश्वास कमावला होता. पण त्याच्या १०० ची सुरुवात शून्यापासून नाही, ५० पासून होते, हे किती जणांना माहीत असतं? आपण दहावीच्या टक्क्यांसारखं वाचतो की ८७ म्हणजे डिस्टिंक्शन, आणि दुकानात बघावं तर सगळ्याच स्टिकरवर ८८ च्या पुढचं काहीतरी असतं, कारण त्याच्या खालचा आकडा छापून लावतो कोण.

आता जीभ म्हणजे काय ते बघ. २००३ साली युरोपात भयंकर उन्हाळा पडला, द्राक्षं अति पिकली, आणि बोर्डोमधल्या शातो पावी या मळ्याच्या त्या सालच्या वाईनवरून पार्कर आणि ब्रिटनची वाईन समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन यांच्यात जाहीर जुंपली. पार्करने ती वाईन डोक्यावर घेतली. जॅन्सिसने २० पैकी १२ दिले, हो, ती २० पैकी देते, आणि तिच्या हिशेबात १२ म्हणजे फारच कमी, तिला ती वाईन नको तितकी पिकलेली आणि गोडसर वाटली. दोघंही हयात यात घालवलेली माणसं. मग खोटं कोण? कोणीच नाही रे! पार्करला भरगच्च, पिकलेल्या फळाची, ओक लाकडाच्या पिंपाचा वास असलेली वाईन आवडायची, जॅन्सिसला तोल हवा, आंबटपणाची धार हवी. तुझी जीभ पार्करच्या बाजूची आहे की जॅन्सिसच्या, हे तुला माहीत नसेल तर दोघांचेही आकडे तुझ्या काय कामाचे?

आणि आकड्याच्या नेमकेपणावर फार जाऊ नकोस. रॉबर्ट हॉजसन नावाचे एक निवृत्त प्राध्यापक, स्वतःची छोटी वायनरी असलेले, त्यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाईन तीन वेळा वेगवेगळ्या ग्लासांतून दिली. २००८ मध्ये निष्कर्ष छापले: तिन्ही वेळा एकाच मेडलच्या पट्ट्यात, म्हणजे गोल्ड, सिल्व्हर किंवा ब्राँझ यांतल्या एकाच गटात, मार्क देणारे परीक्षक साधारण १० टक्केच निघाले. ते स्पर्धेचे परीक्षक होते, एकट्याने वर्षानुवर्षं लिहिणारे समीक्षक नाहीत, हा फरक मी धरते. तरीही ९१ आणि ९३ मधला फरक बघून तू जास्तीचे हजार रुपये मोजणार असशील तर मला राग येईल, खरंच येईल.

आता तुझा दुसरा फोटो. तो स्टिकर नीट बघितलास का तू? ९३ च्या खाली बारीक अक्षरात २०१८ लिहिलंय आणि बाटलीच्या लेबलवर साल आहे २०२१. म्हणजे मार्क मिळाले एका वर्षाच्या पिकाला आणि तू विकत घेतोयस दुसऱ्याच वर्षाचं. हे नेहमी चालतं, कधी मुद्दाम, कधी मागच्या खोक्यातला स्टिकर उरलाय म्हणून. शिवाय समीक्षकाने चाखलेली बाटली बहुतेक वेळा वायनरीकडून नीट थंड जागेतून आलेली असते, आणि तुझी बाटली बोटीने आली, मग भिवंडीकडच्या एखाद्या पत्र्याच्या गोदामात तिने एप्रिल-मे काढला का, दुकानाचा एसी रात्री बंद होतो का, हे त्या आकड्यात कुठे आहे? कॉर्क वर सरकलेलं दिसलं किंवा झाकणाखाली चिकट ओघळ दिसला तर ९८ मार्क असले तरी बाटली परत ठेव. आणि परदेशी समीक्षकाने 'या किमतीला उत्तम' लिहिलं असेल तर ते वाचूच नकोस, आपल्याकडे इम्पोर्टेड वाईनवर वर्षानुवर्षं जबर कस्टम ड्युटी बसत आलीये, ती किंमत त्याने बघितलेलीच नसते.

सगळ्यात महत्त्वाचं तर तू शेवटी सहज लिहिलंस, की पाहुणे येणारेत आणि आई कोलंबीचं तिखलं आणि बोंबील करणारे. अरे मग प्रश्नच मिटला! ते ९३ मार्क जेवणाशिवाय दिलेत, पांढऱ्या प्रकाशात, ओळीने मांडलेले ग्लास, एक घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. अशा चाचणीत जी वाईन मोठ्याने बोलते ती पुढे जाते. ती ऑस्ट्रेलियन शिराझ तशीच असणार, जाड, तुरट, अल्कोहोल चढं. तुमच्या घरच्या तिखटासोबत तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीला आणखी भडकवतात, तोंड पोळतं आणि वाईनही कडू लागते. त्यापेक्षा नाशिकची शनँ ब्लाँ नावाची व्हाईट वाईन घे, जरा गोडसर अंगाची, आंबटपणा चांगला असलेली, फ्रिजमध्ये नीट थंड करून. तिच्यावर स्टिकर नाही म्हणून तू बाजूला ठेवलीस ना? जगातल्या मोठ्या समीक्षकांपर्यंत आपल्या फार थोड्या बाटल्या पोचतात, मार्क नाहीत म्हणजे नापास नाही. फक्त साल बघ, नाशिकची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, आणि तिथल्या साध्या व्हाईट वाईन ताज्या असतानाच प्यायच्या असतात, तीन-चार वर्षं दुकानात धूळ खात पडलेली नको.

तुझी आई म्हणेल की मावशीला स्कोअरचा जुना राग आहे. आहे. ठाण्यातल्या एका रेस्टॉरंटची वाईन खरेदी मी बघायचे, तेव्हा मालकांना मेन्यूवर प्रत्येक वाईनपुढे स्कोअर छापायचा होता. मी नाही म्हटलं. कारण नाशिकच्या, अकलूजच्या वाईन्सपुढे नुसती रेघ येणार, आणि गिऱ्हाईक रेघ बघून पान उलटणार. मी म्हटलं चवीचं एक वाक्य छापू, सोबत काय खावं ते छापू. महिनोन् महिने वाद झाला आणि शेवटी मी नोकरी सोडली. एवढ्यासाठी नोकरी सोडतात का, असं तेव्हा सगळ्यांनी विचारलं, आजही कोणी विचारलं तर उत्तर तेच आहे, सोडतात. चुटपुट लागून राहिलीये ती वेगळ्याच गोष्टीची. तिथल्या वेटर पोरांना मी वास घेऊन स्वतःच्या शब्दांत सांगायला शिकवत होते. कळव्याचा एक मुलगा होता, आयुष्यात वाईन प्यायलेला नव्हता, शनँचा ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाला, मॅडम, पिकलेल्या पेरूचा वास येतोय. आणि येतच होता! ते शिकवणं अर्धवट राहिलं, मी गेल्यावर पोरं टेबलावर जाऊन नुसते आकडे म्हणायला लागली. त्या मुलाचं नाक कुठल्याही स्टिकरपेक्षा जास्त कामाचं होतं हे मी तेव्हाही सांगत होते, ऐकायला कोणी तयार नव्हतं.

असो. समीक्षक फेकून दे असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको. एकच निवड, फार तर दोन. त्यांनी लिहिलेल्या आणि तुला परवडतील अशा थोड्या बाटल्या घे, प्यायच्या आधी त्यांचं काही वाचू नकोस, स्वतःला काय वाटलं ते लिही, मग त्यांचं वाच. जुळलं तर तो तुझा माणूस. दरवेळी उलटं निघालं तरीही तो तुझ्या कामाचा, त्याने ज्याला 'कृश, आंबट' म्हटलं ते तू डोळे मिटून घ्यायचं! बिनकामाचा तोच, जो कधी जुळतो आणि कधी नाही, आणि का ते तुला कळत नाही. आकड्याच्या आधी त्याचे शब्द वाच, ओक, पिकलेलं फळ, तुरट, धारदार, यातले तुझे कुठले ते शोध. अ‍ॅपवरच्या ३.८ मध्ये तर हजारो जिभा एकत्र कालवल्यात, त्यात कोणाचीच जीभ ओळखू येत नाही, ते मला सगळ्यात कमी कामाचं वाटतं. आकडा कोणाच्या जिभेचा, हे कळेपर्यंत तो आकडा म्हणजे नुसती शाई आहे.

शनिवारसाठी शनँ दोन बाटल्या घे, एक पुरणार नाही. आणि कोणाला रेडच हवी असेल तर हलकी घे, टेबलावर आणायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव, आपल्या घरातलं तापमान म्हणजे पुस्तकातलं रूम टेंपरेचर नव्हे. रविवारी फोन कर, पाहुण्यांना काय वाटलं ते नंतर सांग, आधी तुला स्वतःला कशाचा वास आला ते सांग.

तुझी,
मावशी
नौपाडा, ठाणे