ऑपरेशन झालं, रिपोर्ट चांगले आहेत, पण बाहेर जेवायला जायची भीती वाटते

मी समुपदेशनाचं काम करते, आणि पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्या माणसांकडून एक प्रश्न मला सारखा येतो. कुणाचं जठर काढलेलं असतं, कुणाचा आतड्याचा भाग, कुणाचं स्वादुपिंडाचं ऑपरेशन झालेलं असतं, पण बोलणं साधारण असंच असतं की मॅडम घरी व्यवस्थित जेवतो, वजनही थोडं वाढलंय, पण कुणी बाहेर जेवायला बोलावलं की पोटात गोळा येतो, काहीतरी सांगून टाळतो, असं किती दिवस टाळणार? आज त्यातलीच एक केस सांगते. त्यांची परवानगी घेतलीये आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

त्यांना नुसतं काका म्हणूया. साठी उलटलेली, बँकेतून रिटायर, कोथरूडला राहतात. कॅन्सरमुळे त्यांचं पूर्ण जठर काढावं लागलं आणि अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली. ऐकणाऱ्याला पहिला धक्का हाच बसतो की जठराशिवाय माणूस जेवतो कसा, पण जेवतो, चांगला हिंडतो फिरतो, फक्त जेवायची पद्धत बदलावी लागते. कारण जठर आलेलं अन्न साठवून थोडं थोडं पुढे सोडत असतं, ते नसलं की खाल्लेलं, त्यातून गोड असेल तर जास्तच, भसकन आतड्यात उतरतं आणि दहा-वीस मिनिटांत, कधी अर्ध्या तासात घाम फुटतो, छाती धडधडते, चक्कर येते, पोटात कळा, कधी जुलाब. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. काहींना हे उशिरा होतं, एक ते तीन तासांनी, तेव्हा रक्तातली साखर एकदम खाली येते आणि हातपाय थरथरतात. म्हणून दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं, नीट चावून खायचं, जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्धा तास आधी नाहीतर नंतर, आणि गोडाला जपायचं. काकांना हे सगळं तोंडपाठ होतं. घरात ते पाळायचेही.

बिघडलं ते एका बारशाला. यजमानांनी वाटीभर श्रीखंड पुढे केलं, नाही कसं म्हणायचं म्हणून काकांनी खाल्लं, वर ग्लासभर पाणी प्यायले, आणि थोड्या वेळात घामाने शर्ट भिजला. त्या घरातल्या पलंगावर त्यांना आडवं केलं, कुणीतरी ओरडलं अटॅक आलाय, अँब्युलन्स बोलवा, बाळाची आई रडायला लागली. अर्ध्या पाऊण तासात काका ठीक झाले पण त्यानंतर त्यांनी बाहेर जेवणं बंदच केलं. आधी लग्नं-मुंजी, मग मित्रांकडे जाणं, मग रविवारचा ग्रुपही. हा ग्रुप वेताळ टेकडी चढून खाली आला की नाश्ता करणारा, वर्षानुवर्षांचा. फोन वाजला की काका काकूंना खूण करायचे, झोपलोय म्हणून सांग.

माझ्याकडे मुलीने आणलं. पहिल्या भेटीत मी विचारलं की रविवारचं सगळ्यात जास्त काय आठवतं, मला वाटलं मिसळ म्हणतील. ते म्हणाले, "बिल कोण देणार यावरून आमच्यात जी झोंबाझोंबी व्हायची ना, ती." आणि गप्प झाले. मग बराच वेळ डोळे पुसत होते.

मी त्यांच्या थकव्याबद्दलही विचारलं, कारण सारखा थकवा आणि कशातच रस नाही हे दरवेळी मनाचंच असतं असं नाही. जठर काढल्यावर बी-१२ जीवनसत्त्व अन्नातून नीट शोषलं जात नाही, त्यामुळे ते बाहेरून, बहुतेकदा इंजेक्शनने, आयुष्यभर घ्यावं लागतं, आणि लोहही कमी पडू शकतं. काकांचं हिमोग्लोबिन खाली आलेलं निघालं, त्यांच्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते, आधी तपासण्या करून घ्या मग मनाचं बघू, किंवा दोन्ही बरोबर.

पुढच्या वेळी एका कागदावर दोन रकाने केले, एकीकडे पोटाची भीती आणि एकीकडे माणसांची. पोटाच्या रकान्यात चार ओळी झाल्या, बाथरूम लांब असेल तर, चक्कर आली तर, अशा. माणसांचा रकाना कागदाच्या मागच्या बाजूला गेला. एवढंच खातो म्हणून बघतात. कीव करतात. नाही म्हटलं तरी वाढतात. हॉटेलात वेटर सारखा येऊन झालं का विचारतो. बायको सगळ्यांसमोर माझ्या वतीने नको नको म्हणते. आणि एक ओळ त्यांनी दोनदा अधोरेखित केली होती, पानात टाकावं लागतं. लहानपणी पानात शीत राहिलं तरी आजोबा उठू द्यायचे नाहीत, त्या माणसाला आज अर्धी पोळी टाकून उठायचं म्हणजे आपण मोठा गुन्हा करतोय असं वाटतं. हे मी खूप जणांत बघितलंय, आणि मला वाटतं आपल्याकडे या ऑपरेशननंतरची अर्धी अडचण इथेच आहे. डाएटचा कागद मिळतो पण ताटात अन्न टाकून उठायचं कसं आणि आग्रहाला तोंड कसं द्यायचं हे त्यावर लिहिलेलं नसतं.

टाकायचं नसेल तर मुळात घ्यायचंच कमी, हे बोलायला सोपं पण वाढणारा दुसराच असतो. म्हणून काय बोलायचं ते आधी ठरवलं. काकांचा पहिला विचार होता की आज उपास आहे म्हणून सांगतो. मी म्हटलं काका, उपास म्हणालात की साबुदाण्याची खिचडी पुढे येईल, आत्ताच जेवून आलो म्हणालात तर निदान गोड तरी घे म्हणतील. प्रत्येक सबबीवर आपल्या माणसांकडे उत्तर तयार असतं आणि काल कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवायचं ओझं वेगळंच. त्यापेक्षा खरं पण छोटं वाक्य बरं. बऱ्याच खटपटीनंतर त्यांचं वाक्य ठरलं ते असं, "माझं पोटाचं ऑपरेशन झालंय, मी थोडं थोडं खातो, लागलं तर मागून घेईन." आजाराचं नाव नाही, माफी नाही, आणि शेवटचं मागून घेईन फार महत्त्वाचं, कारण त्यामुळे वाढणाऱ्याचा मान राहतो आणि सूत्रं आपल्या हातात राहतात. हे वाक्य आम्ही माझ्या खोलीत बोलून बघितलं, मी आत्या झाले आणि रिकामी वाटी घेऊन आग्रह करत सुटले. पहिल्यांदा काकांनी निमूट हात पुढे केला. नंतर नंतर आवाज स्थिर झाला.

पहिली खेप मुद्दाम साधी ठेवली. फक्त काका काकू, घराजवळचं उडप्याचं हॉटेल, आणि दुपारी चारची वेळ, तीही आठवड्याच्या मधल्या वारी. रविवारी सकाळी पुण्यात कुठल्याही चालणाऱ्या हॉटेलात गेलात तर तुमच्या खुर्चीमागे पुढचं कुटुंब उभं असतं, अशा वेळी सावकाश चावून खा म्हणणं म्हणजे अशक्य गोष्ट सांगणं आहे. चार वाजता कुणी मागे उभं नसतं. काकांनी एक प्लेट इडली मागवली, दोघांत मिळून. त्यांनी त्यातली एक घेतली, चमच्याने छोटे तुकडे केले, चटणी बोटभर, आणि ती एक इडली जवळजवळ वीस मिनिटं खाल्ली. वेटर प्लेट उचलायला आला, काका म्हणाले अजून खातोय, आणि वेटर बरं म्हणून निघून गेला. त्यांनी हे मला दोनदा सांगितलं, नुसता बरं म्हणाला आणि गेला हो. कॉफी त्यांनी अर्ध्या तासाने घेतली, बिनसाखरेची. परत येताना स्कूटर काकूंनी चालवली, हे पण आधी ठरलेलं, कारण खाल्ल्यावर चक्कर यायची शक्यता असेल तर आपण गाडी चालवायची नाही, रिक्षा करा नाहीतर दुसऱ्याला चालवू द्या.

काकूंशी मी वेगळं बोलले. त्या म्हणाल्या, "मी लक्ष नाही ठेवलं तर कोण ठेवणार?" आणि ते बरोबरच होतं, ऑपरेशननंतरचे सगळे महिने त्यांनी वाटी मोजून या माणसाला उभं केलंय. पण त्यांचं स्वतःचं बाहेर जाणं पण बंद झालं होतं, भिशीला जाणं सोडलं, डोसा आवडतो तो खाल्लाच नव्हता, हे घरी पेज खाणार आणि मी डोसा कसा खाऊ. मग दोघांना समोरासमोर बसवून एक ठरवलं की चारचौघांत काकांच्या ताटाबद्दल काकू बोलणार नाहीत, काकांना त्रास वाटला तर ते चष्मा काढून टेबलावर ठेवतील, म्हणजे काकूंनी समजायचं की आता उठायचंय आणि काहीही न विचारता बरोबर उठायचं. त्या दिवशी उडप्याकडे काकूंनी डोसा खाल्ला, काकांनीच मागवला.

रविवारच्या ग्रुपमधल्या एकाच मित्राला काकांनी आधी सगळं सांगितलं आणि बाकीच्यांना तूच सांग म्हणाले. काका घरूनच थोडं खाऊन गेले आणि तिथे मित्राच्या प्लेटमधला एक घास घेतला. एकजण म्हणालाच एवढंच का रे, पण दुसऱ्याने विषय बदलला. बिलावरून झोंबाझोंबी झाली.

खरी परीक्षा पुतण्याच्या लग्नाची होती. कर्वे रोडच्या बाजूचं कार्यालय, पंगत, आणि सगळं गणगोत. काकांनी दोन दिवस आधी धाकट्या भावाला फोन केला, मी पंगतीला बसणार आहे, पण मला शेवटच्या टोकाला बसव म्हणजे मधेच उठता येईल, आणि तासभर पडायला एखादी खोली बघून ठेव. घरून निघताना थोडं खाल्लं होतं, कारण पंगत कधी बसेल याचा भरवसा नसतो आणि भुकेने व्याकूळ होऊन बसलं की भराभर खाल्लं जातं. ताटात वरणभात, वर थोडंसं तूप, बटाट्याची भाजी चमचाभर, अर्धी पुरी. मट्ठा नंतरसाठी बाजूला ठेवला. आणि मग आत्या जिलबीचं ताट घेऊन आल्या, खरोखरच्या आत्या, पंचाऐंशीच्या. काकांनी वाक्य म्हटलं. आत्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग मागून घे हो, मी इथेच आहे," आणि पुढे गेल्या.

इथे संपलं असतं तर छान झालं असतं, पण नंतर गप्पांच्या नादात काकांनी कुणाच्या तरी हातून जिलबीचे दोन तुकडे खाल्ले आणि डंपिंग झालंच. चष्मा काढून ठेवला, काकू उठल्या, खोलीत जाऊन आडवे झाले. तीच धडधड, तोच घाम. पण या वेळी हे काय आहे, किती वेळ राहील आणि पडून राहिलं की उतरतं हे त्यांना माहीत होतं, भावालाही माहीत होतं, त्यामुळे अँब्युलन्स नाही की रडारड नाही. तासाभराने ते फोटोला उभे होते. मला त्या लग्नातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. आता परत त्रास होणारच नाही असं वचन मी कुणाला देत नाही, मीच काय, सर्जनही देत नाहीत. त्रास झाला तर काय करायचं हे माहीत असलं की माणूस घराबाहेर पडतो.

सगळ्यांचं ऑपरेशन एकसारखं नसतं त्यामुळे काकांचं जसंच्या तसं उचलू नका. ज्यांच्या पोटावर स्टोमाची पिशवी आहे, म्हणजे शौच किंवा लघवी बाहेर यायला पोटावर केलेल्या वाटेला लावलेली, त्यांनी निघण्याआधी ती रिकामी करावी, एक जादा पिशवी आणि बदलायचं सामान पर्समध्ये ठेवावं, आणि हॉटेलात टॉयलेट कुठे आहे, जिने चढावे लागतात का ते फोन करून विचारावं, लाजायचं काहीच कारण नाही. स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतर ज्यांना अन्न पचवायला एन्झाइमच्या गोळ्या दिल्यात त्यांनी चारचौघांत बसलोय म्हणून त्या टाळू नयेत, त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात, घरी जाऊन घेतल्या तर त्या जेवणाला उपयोग नाही. आणि घास अडकतोय, उलट्या थांबत नाहीत, वजन उतरतच चाललंय, शौचाला काळी होतेय, खाल्ल्यावर शुद्ध हरपते, यातलं काहीही असेल तर समुपदेशन नंतर, आधी डॉक्टर. उशिरा थरथर सुटणाऱ्यांनी जवळ काय ठेवायचं तेही डॉक्टरांनाच विचारून ठरवा.

आता तुमच्या घरी असं कुणी जेवायला येणार असेल तर एक विनंती. आदल्या दिवशी फोन करून काय चालतं ते त्यांनाच विचारा, त्यांच्या घरच्यांना नाही. मोठ्या ताटाऐवजी छोटी ताटली ठेवा आणि भांडी टेबलावरच राहू द्या, म्हणजे ते हवं तेवढं हाताने घेतील. त्यांचं जेवण होईपर्यंत कुणीतरी बरोबर बसून राहा, सगळे हात धुवून उठले की सावकाश खाणाऱ्याला घाई होते. "एवढंच?" म्हणू नका. आणि त्यांनी काही खाल्लं नाही तरी पुढच्या वेळी परत बोलवा.