रोमनेस्क, म्हणजे युरोपातल्या अकराव्या-बाराव्या शतकातल्या शैलीच्या, चर्चमध्ये एवढा अंधार का असतो? मोठ्या खिडक्या करायचं तंत्र त्या लोकांना माहीत नव्हतं का?

"माहीत नव्हतं का" हे वाचलं आणि लिहायला बसलो. आमचे दाजी आर्किटेक्ट आहेत, तेही हेच म्हणतात. मी साइटवरचा माणूस, जन्म सेंटरिंग-स्लॅबमध्ये गेला.

अंधाराचं कारण रेटा. लाकडी छपरं जळायची, म्हणून दगडी व्हॉल्ट, म्हणजे कमानीसारखी छतं, चढवली. बॅरल व्हॉल्ट, म्हणजे अर्ध्या पिंपासारखा लांबट, दोन्ही भिंतींना सलग बाहेर ढकलतो; हाच रेटा. मग भिंत जाड ठेवायची आणि वरच्या अंगाला भोकं कमी पाडायची. फ्रान्समध्ये बर्गंडीतल्या क्लूनीच्या मठाचं चर्च 1088 साली काढलं, तीसेक मीटरवर व्हॉल्ट नेऊनही खाली खिडक्या ठेवल्या. 1125 मध्ये त्यातला काही भाग कोसळला.

बर्गंडीत फिरताना दाजींनी मला वेझलेच्या चर्चमध्ये मधोमध उभं केलं. 1120 च्या आगीनंतरचं बांधकाम. आडव्या कमानी बसक्या झाल्यात, भिंती बाहेर कलल्यात. ओळंबा लावायचीही गरज नाही. "बघ तुझं रोमनेस्क! नंतर बाहेरून टेकू दिले म्हणून उभंय." ताई आणि पोरांसमोर. मी काही बोललो नाही, पण पुढचा मुक्काम तूर्नूला करायला लावला.

तिथल्या सेंट फिलिबेरमध्ये व्हॉल्ट लांबीत न टाकता आडवे टाकलेत, प्रत्येक गाळ्याला एक. प्रत्येकाचा रेटा शेजारच्यावर, बाजूच्या भिंतींवर जवळजवळ नाहीच. त्यामुळे खिडक्या थेट व्हॉल्टच्या तोंडाशी, आणि आत लख्ख उजेड. मी असतो तर एकच साचा उतरवून पुढच्या गाळ्यात सरकवला असता. दाजींनी विचारलं, "मग बाकीच्यांनी का नाही केलं?" अहो, नजर गाळ्यागाळ्याला अडखळते, वेदीपर्यंत सरळ जात नाही. लोकांना ते आवडलं नसणार. याला अडाणीपणा म्हणतात का?

आता एक राहिलंच. वेझलेचे व्हॉल्ट बॅरल नाहीत, ग्रोइन आहेत, म्हणजे दोन बॅरल एकमेकांना छेदणारे. भार चार कोपऱ्यांवर उतरतो, म्हणून तिथेही वर खिडक्या आहेत आणि चांगला उजेड आहे. म्हणजे सगळी रोमनेस्क चर्च अंधारी हेही खरं नाही.

जाणार असाल तर आधी तूर्नू बघा. सोबत आर्किटेक्ट असेल तर इंग्लंडात डरहॅमलाही न्या. 1093 साली सुरू झालेलं काम, वर रिब व्हॉल्ट, म्हणजे दगडी फासळ्यांचे, आणि गॅलरीच्या छपराखाली लपलेल्या, भिंतींना टेकू देणाऱ्या कमानी. दाजी म्हणतात, ते गॉथिकमध्ये, म्हणजे रोमनेस्कनंतरच्या शैलीत धरायचं. का म्हणून?